मऊ भातावर किती दिवस?

मराठी घरात ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाची शुश्रूषा कशी करायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिले दिवस पेज आणि वरणाचं पाणी, मग तूप घातलेला मऊ भात, आणि ‘उठू नको, मी आणून देते’ हे दिवसातून दहा वेळा. अपेंडिक्स किंवा हर्नियाच्या ऑपरेशननंतर या पद्धतीनं फारसं बिघडत नाही, कारण महिना-दीड महिन्यात माणूस आपोआप नेहमीच्या ताटावर आणि नेहमीच्या कामावर येतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर, मात्र हीच माया उलटू शकते. या शस्त्रक्रियेनंतर जेवण घाईनं सुरू करणं धोक्याचं असतं, हे रुग्णाला, घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. जेवणाकडे आणि व्यायामाकडे उशिरा परतणं, किंवा अर्ध्यावरच थांबणं, हेही महागात पडतं, ही गोष्ट मात्र फार थोड्यांपर्यंत पोचते. चावून खाण्याचं, प्रथिनांनी भरलेलं घट्ट अन्न आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांच्याकडे वेळेवर परतणं हा शस्त्रक्रियेनंतरचा ऐच्छिक भाग नाही, उपचाराचा उरलेला अर्धा भाग आहे, असं मला या विषयावरचा पुरावा वाचून ठामपणे वाटतं.

आधी शस्त्रक्रियेत नेमकं होतं काय, ते पाहू. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात आणि दोन्ही दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून केले जातात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात आणि उरतं ते चहाच्या कपाएवढं मावेल असं अरुंद नळकांडं. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि तिला थेट लहान आतडं जोडतात. पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, हे खरं असलं तरी अपुरं आहे. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या ज्या भागात प्रामुख्यानं तयार होतं, तो भागच स्लीव्हमध्ये निघून जातो. दोन्ही प्रकारांत अन्न आतड्यात लवकर उतरतं आणि तृप्तीचा निरोप मेंदूला देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त प्रमाणात सुटतात. म्हणून पहिले काही महिने भूक खरोखरच मंदावते. हा काळ मोलाचा असतो, आणि तो कायम टिकत नाही.

हा विषय आता मूठभर श्रीमंतांपुरता उरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या किंवा स्थूल गटात मोडले. अर्थात त्यांतल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. पण २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले तेव्हा आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स २७.५ च्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा पर्याय देता येईल, असं म्हटलं. सात-आठ वर्षांपूर्वी ज्यांना ‘तुम्ही या गटात बसत नाही’ असं सांगितलं गेलं असतं, ते आज बसतात. मुंबई-पुण्याबरोबर नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतही ही शस्त्रक्रिया होते. म्हणजे ऑपरेशननंतरचं जेवण सांभाळायची वेळ आता कुठल्याही घरावर येऊ शकते.

सुरुवातीची सावधगिरी का, हे समजून घेतलं की पुढची प्रगती का करायची तेही समजतं. जठर कापून स्टेपलच्या बारीक पिनांनी शिवलेलं असतं. ती रेघ जखमच असते आणि तिच्यात भक्कम तंतू विणले जायला काही आठवडे लागतात. त्याआधी तिच्यावर दाब आला, ती कुठे उसवली, तर जठरातला पाझर पोटाच्या पोकळीत जातो आणि जीवावर बेतू शकतं. अशी गळती बहुधा पहिल्या काही दिवसांत, दोन आठवड्यांच्या आतबाहेर होते. त्याशिवाय सुरुवातीला आतून सूज असते आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद झालेली असते. म्हणून एक-दोन दिवस निवळ पाणी, सूप, शहाळ्याचं पाणी; मग दूध, ताक, प्रोटीन पावडर अशी दाट पेयं; साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेलं किंवा घोटलेलं अन्न; महिन्यानंतर मऊ पण दातांनी चावावं लागेल असं; आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला नेहमीचं घट्ट अन्न, असा क्रम बहुतेक ठिकाणी सांगतात. या काळात नाडी सतत जलद चालणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ, धाप, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं असतं.

या वेळापत्रकावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. एका रुग्णालयात चौथ्या आठवड्यात अंडं देतात, दुसऱ्यात सहाव्या आठवड्यात, मग खरं कुणाचं? खरी गोष्ट अशी, की या आठवड्यांचे आकडे मोठ्या तुलनात्मक प्रयोगांमधून आलेले नाहीत. ते बऱ्याच अंशी तज्ज्ञांच्या अनुभवावर आणि जखम भरण्याच्या सर्वसाधारण ज्ञानावर बेतलेले आहेत. म्हणून दोन डॉक्टरांच्या तक्त्यांत दोन आठवड्यांचा फरक असला तर घाबरायचं कारण नाही. आपल्या शल्यचिकित्सकाचा तक्ता पाळावा, कारण आत काय शिवलंय ते त्यानं पाहिलेलं असतं. मात्र ज्या एका बाबतीत सगळे तक्ते एकमतानं बोलतात, ती बाब घराघरांत नजरेआड होते. प्रत्येक तक्ता पातळाकडून घट्टाकडे जातो आणि घट्टावरच संपतो. मऊ अन्न हा त्यातला एक टप्पा आहे. त्यावर कुणीही मुक्काम करायला सांगितलेलं नाही.

तरीही मुक्काम होतो, आणि तो का होतो हे सहज कळण्यासारखं आहे. घट्ट अन्नाचा पहिला अनुभव अनेकांना त्रासाचा असतो. जुन्या सवयीनं मोठा घास घेतला, नीट चावला नाही, वर पाणी प्यायलं, की छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि घास परत येतो. घरातले धास्तावतात. ‘तुला ते सोसत नाही’ असा निकाल लागतो आणि पुन्हा पेज, खीर, दूधभात सुरू होतो. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा अन्नाचा नसतो, घासाच्या आकाराचा आणि गतीचा असतो. घास सुपारीएवढा घेऊन तो पंचवीस-तीस वेळा चावणं, दोन घासांमध्ये थांबणं, जेवणाला वीस ते तीस मिनिटं देणं, जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी न पिणं, पोट भरल्याची पहिली चाहूल लागताच ताट बाजूला करणं, ही कौशल्यं आहेत आणि ती सरावानं येतात. आपल्या स्वयंपाकातले काही पदार्थ मात्र खरोखरच उशिरा जमतात. गव्हाची मऊ पोळी आणि ताजा पाव चावताना चिकट गोळा होतो आणि अडकतो. चिकट भात फुगतो. शेवग्याच्या शेंगा, मेथीचे देठ, संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा, ओल्या खोबऱ्याचे तुकडे यांचे धागे तुटत नाहीत. कोरडं चिकनही अवघड जातं. याउलट उकडलेलं अंडं, वाफवलेलं पापलेट किंवा सुरमई, मऊ पनीर, रस्सा असलेला चिकनचा खिमा, मुगाचं धिरडं, चांगली शिजलेली मुगाची किंवा मटकीची उसळ, ज्वारीच्या पातळ भाकरीचा पापुद्रा हे पदार्थ बहुतेकांना आधी जमतात. एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा. आज नाही जमला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा घ्यावा. कायमचा बाद करू नये.

मऊ अन्नावर थांबण्यात गैर काय, असा प्रश्न इथे कुणीही विचारील. पोट भरतं, त्रास होत नाही, वजनही उतरतंय. उत्तर या नव्या पोटाच्या रचनेत आहे. त्याची सारी ताकद अन्न थोडा वेळ थांबण्यात आहे. घट्ट, चावून खाल्लेलं अन्न त्या अरुंद जागेत काही काळ टिकतं, तिथल्या भिंतींना ताण देतं आणि ‘पुरे’ हा निरोप थोडक्या अन्नावर मिळतो. पातळ आणि विरघळणारं अन्न तिथे थांबतच नाही. आइस्क्रीम, श्रीखंड, खीर, मिल्कशेक, चहात बुडवलेली बिस्किटं, तोंडात टाकताच विरणारा कुरकुरीत चिवडा हे पदार्थ शस्त्रक्रिया कितीही कुशलतेनं झालेली असली तरी तिला वळसा घालून जातात. वाटीभर उसळीनं ज्याचं पोट गच्च होतं, तोच माणूस तासाभरात तिच्या तिप्पट उष्मांकाचं गोड पेय सहज संपवू शकतो. बायपासनंतर तर गोड, पातळ पदार्थ आतड्यात एकदम उतरले की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होतो, आणि काहींना दोन-तीन तासांनी रक्तातली साखर घसरून चक्कर येते. याला डंपिंग म्हणतात. म्हणजे ज्या अन्नाला आपण पथ्याचं समजतो, त्यातलंच काही अन्न या रुग्णांच्या बाबतीत सर्वांत कुपथ्याचं ठरतं.

वजन पुन्हा वाढतं का, याविषयी स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ हा अभ्यास बरंच सांगतो. शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर लोकांची आणि शस्त्रक्रिया न झालेल्या तेवढ्याच लोकांची वर्षानुवर्षं नोंद त्यात ठेवली गेली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा ती घट २५ टक्के होती. शस्त्रक्रियेशिवाय नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या वजनात या साऱ्या काळात जवळपास फरक पडला नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचं प्रमाणही शस्त्रक्रियेच्या गटात लक्षणीय कमी होतं. हे आकडे शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहेत आणि ते नि:संकोचपणे मान्य करायला हवेत. पण त्यातच हेही दिसतं, की तळ गाठल्यानंतर वजन हळूहळू परत चढायला लागतं. शरीर नव्या रचनेशी जुळवून घेतं, भूक काही अंशी परत येते, आणि पहिल्या वर्षात ज्या सवयी लागल्या असतील त्यांच्याच आधारावर पुढची वर्षं काढावी लागतात. पहिलं वर्ष दूधभातावर काढलेल्या माणसाच्या हाती त्या वेळी काहीच नसतं.

आता प्रथिनांचा हिशेब करू, कारण मऊ भाताचा खरा तोटा तिथे आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात आणि अनेकांची गरज ८० ग्रॅमपर्यंत जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, वाटीभर दह्यात ५, वाटीभर दाट वरणात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ किंवा थोडी जास्त. वाटीभर मऊ भातात जेमतेम ३ ग्रॅम असतात, आणि पाणीदार वरणात दाट वरणाच्या निम्मी. दुसऱ्या महिन्यात रुग्ण एका वेळी पाव ते अर्धी वाटी खाऊ शकतो. एवढ्याशा जागेत भात बसला की डाळीला, अंड्याला, माशाला जागाच उरत नाही. म्हणून ताटातली पहिली जागा प्रथिनांची, दुसरी भाजीची, आणि भात-पोळी उरलेल्या जागेत, हा क्रम पाळावा लागतो. शाकाहारी घरात तो पाळूनही ६० ग्रॅमचा आकडा गाठणं सुरुवातीला अवघड असतं. तिथे सोयाबीन, पनीर, दही आणि काही महिने प्रोटीन पावडर यांचा आधार घेण्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. उपासाच्या बाबतीत तर स्पष्टच बोलायला हवं. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यात जमा असतात. साबुदाण्याची खिचडी चिकट, स्निग्ध आणि पिष्टमय असते. निदान पहिलं वर्ष एकादशी-चतुर्थीच्या उपासांना सुट्टी देणं शहाणपणाचं आहे.

ही प्रथिनं जातात कुठे? वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा केवळ चरबी जळत नाही. कमी झालेल्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त, चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायूही आले. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगानं होते. चाळीस किलो उतरल्याचा आनंद करताना त्यातले आठ-दहा किलो कशाचे होते, हे वजनकाटा सांगत नाही. भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो, आणि तो गंभीर का, हे दाखवणारं काम पुण्यातच झालं आहे. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याज्ञिक यांच्या दीर्घ संशोधनानं दाखवलेलं वास्तव आहे. ज्याच्या गाठीशी स्नायूंची शिल्लकच थोडी, त्यानं शस्त्रक्रियेनंतर त्यातलीही घालवली तर वजन कमी झालेलं पण दुबळं शरीर उरतं. जिना चढताना पाय थरथरतात, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. शिवाय स्नायू हेच रक्तातली साखर वापरणारं शरीरातलं सर्वांत मोठं ठिकाण असल्यामुळे मधुमेह आटोक्यात ठेवण्याचं एक मोठं साधनही कमजोर होतं. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हा इशारा लागू आहे. स्नायूंची झीज त्यांच्यातही होते.

व्यायामाची सुरुवात लोकांना वाटते त्यापेक्षा फार लवकर होते. शस्त्रक्रियेच्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवून चालवतात, कारण पायांत रक्ताच्या गाठी होऊन त्या फुप्फुसात जाणं हा या शस्त्रक्रियेनंतरचा एक मोठा धोका असतो आणि चालणं हा त्यावरचा एक महत्त्वाचा उपाय आहे. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं, मग हळूहळू सलग अर्धा तास चालायचं असतं. चार ते सहा आठवडे पाच-सात किलोपेक्षा जड काही उचलायचं नसतं, कारण पोटाच्या भिंतीतली छिद्रं आतून भरत असतात आणि तिथे हर्निया होऊ शकतो. आपल्याकडे हा नियम व्यायामशाळेत मोडत नाही, घरात मोडतो. पाण्यानं भरलेली मोठी बादली पंधरा किलोची असते. भरलेला गॅस सिलिंडर तर तीस किलोच्या घरात जातो. ओली गादी, धान्याचा डबा, कडेवरचं नातवंड, हे सगळं या नियमात येतं. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम, प्लँक यांनाही डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत, बहुधा दोन-तीन महिने, थांबायला हवं. पण दीड-दोन महिन्यांनी जखम भरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, की चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड द्यायला हवी, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण थांबतात. आठवड्यातून किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम, शक्य झाल्यास ३०० मिनिटांपर्यंत, आणि त्याबरोबर दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, ही सर्वमान्य शिफारस आहे. त्यासाठी महागडी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर मारणं, पायरी चढणं-उतरणं, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं यांपासून सुरुवात होते. महत्त्वाचं इतकंच, की दर पंधरवड्याला ताण थोडा वाढला पाहिजे. मधुमेहाची औषधं चालू असतील तर व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर साखर आपोआप उतरत असते आणि जुनी मात्रा तिला फार खाली नेऊ शकते.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करणाऱ्यांचं वजन न करणाऱ्यांपेक्षा किती जास्त उतरतं? उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले तर हा फरक सरासरी दोन-तीन किलोंच्या आसपास निघतो. म्हणजे वजनासाठी व्यायाम, हा दावा फारसा टिकत नाही, आणि डॉक्टरांनी तो करूही नये. पण या आकड्यावरून व्यायाम निरुपयोगी ठरवणारे चुकीच्या मापानं मोजतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथे बायपास झालेल्या स्त्रियांना तिसऱ्या महिन्यापासून पुढे सहा महिने देखरेखीखाली ताकदीचा आणि चालण्याचा व्यायाम दिला गेला. व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या स्नायूंची झीज कमी झाली आणि ताकद वाढली. तिथल्याच संशोधकांना हाडांची झीजही व्यायामानं मंदावलेली दिसली. बायपासनंतर कॅल्शियमचं शोषण घटतं आणि हाडं विरळ होऊ लागतात, हे ध्यानात घेतलं तर ही बाब छोटी नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात असं दिसलं, की व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं, पण इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची शरीराची क्षमता व्यायाम करणाऱ्यांमध्ये जास्त सुधारली. काटा तोच, शरीर वेगळं. माझ्या दृष्टीनं या वादातला हा निर्णायक पुरावा आहे.

‘आम्ही हालचाल करतोच की,’ असं यावर बरेच जण म्हणतील, आणि ते प्रामाणिकपणेच म्हणतील. अमेरिकेतल्या डेल बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनंतर रुग्णांना त्यांच्या हालचालीबद्दल विचारलं आणि त्याच वेळी त्यांच्या कमरेला मापक यंत्रही लावलं. रुग्णांच्या सांगण्यावरून हालचाल अनेक पटींनी वाढलेली होती. यंत्रानं वाढ दाखवलीच नाही. हे खोटं बोलणं नव्हे. हलकं झालेलं शरीर सहज हलतं, त्यामुळे माणसाला आपण खूप हालचाल करतो असं वाटू लागतं. म्हणून मोबाइलवरची पावलं, वहीतली नोंद, किंवा अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं त्याची महिन्याची मोजणी, यांपैकी काहीतरी बाहेरचं माप हवंच.

घट्ट अन्नानं लहान केलेलं पोट पुन्हा ताणलं जाईल, ही भीतीही मोठी असते. जठर लवचीक असतं आणि वर्षांच्या ओघात ते काहीसं सैल होतं, हे खरं. पण जखम भरल्यानंतर मापात खाल्लेल्या घट्ट अन्नानं ते फाटत नाही. तृप्तीची खूण ओलांडून पुन:पुन्हा जास्त खाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्या खुणेची ओळख घट्ट अन्नावरच पटते. मात्र एक इशारा इथे ठळकपणे द्यायला हवा. नीट चावून, हळू खाऊनही रोज उलटी होत असेल, किंवा पाणीही ठरत नसेल, तर तो सरावाचा प्रश्न राहत नाही. वाट अरुंद झालेली असू शकते, व्रण झालेला असू शकतो. शरीरातला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो, आणि तो संपला की डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, तोल जाणं, भ्रम होणं असा मेंदूचा गंभीर आजार होतो. वेळीच थायमिन दिलं तर तो रोखता येतो. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला घरी पेजेवर ठेवून ‘बरं होईल’ म्हणत बसणं सर्वांत घातक आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांच्या शोषणात अडथळा येतो, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं. तीन-चार महिन्यांनी केस गळतात तेव्हा घाबरून शस्त्रक्रियेला दोष दिला जातो. झपाट्यानं वजन उतरण्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिनं व लोह पुरेसं असेल तर बहुतेक वेळा केस परत येतात. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपासनंतर जोडावर व्रण करू शकतात. व्यायाम सुरू केल्यावर अंग दुखणारच, म्हणून कुठली गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवावं.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो आणि त्यासाठी माणूस कर्ज काढतो, विमा वापरतो. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे वर्षभर फेऱ्या मारणं सांगली किंवा जालन्याच्या जवळच्या गावातून शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आलेल्या कुटुंबाला जड जातं. पण याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणं अन्यायाचं आहे. शस्त्रक्रिया विकताना जे रुग्णालय ‘पॅकेज’ सांगतं, त्या पॅकेजमध्ये निदान पहिल्या वर्षाचा आहाराचा आणि व्यायामाचा पाठपुरावा, फोनवरून किंवा व्हिडिओवरून का होईना, असायला हवा. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर दरवर्षी एकदा, हेही त्यातच सांगितलेलं असावं. घरच्यांनी आपल्या बाजूनं एवढं करावं की दोन महिन्यांनंतर मऊ भाताचा आग्रह सोडावा, रुग्णाच्या ताटात आधी अंडं, मासा, उसळ किंवा पनीर वाढावं, त्याला अर्धा तास निवांत जेवू द्यावं, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चालायला निघावं.

तुमच्या घरात कुणी या शस्त्रक्रियेचा विचार करत असेल तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. घट्ट अन्नाचा पहिला घास कोणत्या आठवड्यात? रोज किती ग्रॅम प्रथिनं? ताकदीचा व्यायाम कधीपासून, आणि तो शिकवणार कोण? ही उत्तरं मिळेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.